बुडबुडा मधेच आहे

४ जुलै

चि. काटेवाल्यास, आणि तुझ्या आडून आपल्या घराण्यातल्या तमाम जाड्या माणसांस, अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्याला खुर्ची देताना लोक आधी खुर्चीकडे बघतात, मग आपल्याकडे. आपला घसा दुखला तरी डॉक्टर म्हणतो, वजन कमी करा. हे अपमान तू आणि मी जन्मभर गिळले. गिळूनही वजन वाढत नाही अशी जगात तेवढीच एक वस्तू!

तू ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलंस आणि चार महिन्यांत एकशे अठ्ठेचाळीसचा एकशे चार किलो झालास. आता पाच आठवडे काटा जागचा हलत नाही म्हणून रडगाणं लिहितोस? काल वाचनालयात बसून मी सगळं वाचून काढलं. हे बहुतेकांचं होतं. शरीर थबकतं, मग पुढे निघतं. गुडघ्याचा डॉक्टर पंच्याण्णवच्या खाली या म्हणाला ना, जाशील खाली. संपात आम्ही कारखान्याच्या फाटकात एकवीस दिवस बसलो होतो, तेव्हा मी बायकांना एकच सांगायचे, की समोरचा अडून बसला तर आपणही अडून बसायचं. माघार नाही! दादांना, आपल्या वडिलांना, जाऊन नऊ वर्षं झाली, पण दादांच्या दुकानात दादांचा मुलगा हरला, असं व्हायला नको.

धाकटीला सांग, नवरा अर्धा झाला तरी सांभाळायला दुप्पटच लागतो. लोभ आहेच, तो काट्यावर चढवून बघू नकोस.

तुझी ताई


११ जुलै

ती. ताईस, आता वाकता येतं म्हणून खरोखर वाकून नमस्कार.

तुझं पत्र दुकानात भिंतीला चिकटवलंय. गिऱ्हाइकं वाचतात आणि विचारतात, बाई निवडणुकीला उभ्या आहेत का.

माझा पहिला संशय अर्थात काट्यावर. वीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतोय, अडकलेला काटा मला माणसाआधी कळतो. सगळा खोलला, स्प्रिंग धुतली, दादांची पितळी प्रमाण वजनं एकेक करून ठेवली. गुंजभर फरक नाही. म्हणजे काटा खरा, अडकलोय मी. आमच्या धंद्यात अडकलेल्यावर पहिला उपाय एकच, आधी भार उतरवायचा. मी उतरवला. दिवसाला दोन वाट्या सूप, बस्स. तेही बहुतेक उलटून पडतं. पडू दे, तेवढंच हलकं. हॉस्पिटलच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी मळमळतं, म्हणून त्याही पंधरा दिवस बंद आहेत. धाकटी रोज भांडते, डॉक्टरांना दाखवा म्हणते. मी तिला भिंतीवरचं तुझं वाक्य दाखवतो.

आज सकाळी एकशे चार.

माया असू दे, टोमण्यांसकट चालेल.

तुझा काटेवाला


१६ जुलै

चि. काटेवाल्यास, आशीर्वाद मागाहून, आधी कान पकड.

मी अडून बसायला सांगितलं होतं, उपाशी बसायला नव्हे. गोळ्या आजच सुरू कर. अन्न पोटात ठरत नाही, हे हॉस्पिटलला कळव. आणि माझं ते पत्र भिंतीवरून उतरव. फोनवर तू ठणठणीत आहे म्हणून मोकळा होतोस. पत्रात तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, म्हणून उलट टपाली सविस्तर लिही.

वाट बघणारी ताई


२४ जुलै

ती. ताईस नमस्कार.

अक्षर ओळ सोडून खाली उतरतंय, सांभाळून घे. काटा बिघडलाय, मी म्हणतच होतो. वर चढलो की डावीकडे झुकतो. खाली पत्र्याचे तीन तुकडे सारले. वर सपाटी बघायची पाणसळ ठेवली, तर बुडबुडा बरोबर मधे. तरी चढलो की झुकतोच. काचही खराब निघाली, एका काट्याचे दोन दिसतात. काच बदलली, तरी दोनच. पायाखाली कापूस पसरल्यासारखं वाटतं, वरचं रबर झिजलं असणार. काल दुकानातून उतरताना पायरी जागेवर नव्हती.

एक सांगायचं राहिलं. काटा बिघडलाय. चढलो की डावीकडे झुकतो.

धाकटी सकाळपाळीला धुलाईच्या कारखान्यात असते, मदतीला कोणी नाही. दादांना जरा पाठव. त्यांची पाणसळ घेऊन येऊ दे, माझी खोटं सांगते.

एकशे चार. आणि शेजारी अजून एक एकशे चार.


२६ जुलै, सकाळ

चि. सौ. धाकटीस,

खुशाली विचारत नाही. त्याचं पत्र आत्ता हातात पडलं. लगेच फोन केला, त्यानेच उचलला. मी ताई बोलतेय म्हटलं, तर कुठली ताई, असं त्याने विचारलं. थट्टा करताना तो आधी नाकातून हसतो. तो हसला नाही.

तुझा फोन पाळी सुटेपर्यंत कपाटात बंद असतो, कारखान्याचा कोणी उचलत नाही आणि घरी तो अनोळखी माणसाला दार उघडणार नाही. म्हणून माझ्या शेजारच्या टॅक्सीवाल्याला ही चिठ्ठी घेऊन सरळ तुझ्या कारखान्यावर धाडलंय.

हॉस्पिटलच्या सिस्टरला मी त्याचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. दोन काट्यांपाशी तिने मला थांबवलं. म्हणाली, काटा ठीक आहे, तुमचा भाऊ ठीक नाही. उलट्या, उपास आणि गोळ्या बंद, यात अंगातलं बी-वन व्हिटॅमिन संपतं. मग नजर जाते, तोल जातो आणि शेवटी आठवण. पाणसळ खरंच सांगत होती गं, बुडबुडा मधेच आहे. झुकतोय तो. आज इंजेक्शन मिळालं तर थांबवता येईल. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, असं ती म्हणाली.

वजन थबकलं होतं, एवढंच झालं होतं. त्या थबकण्याची मी लढाई करून टाकली. शेकडो माणसं ज्या शब्दांनी उभी केली, ते मी माझ्या भावाला न बघता लिहून पाठवले. आणि तू रोज त्याच्यासमोर उभी राहून खरं तेच सांगत होतीस. याची माफी मी समोर येऊन मागेन, बँकेतून पैसे काढून दुपारच्या बसने निघते आहे.

काटा दुरुस्त करून मग येतो, असं तो म्हणेल. वाद घालू नकोस. दादा हॉस्पिटलात पाणसळ घेऊन थांबलेत, असं सांग, तो उठेल. ते खोटं माझ्या माथी. तिथे पोचल्यावर सलाइनमधून ग्लुकोज द्यायच्या आधी बी-वनचं इंजेक्शन द्या म्हणायचं, हे सिस्टरने मला दोनदा बजावलंय. त्याचं पत्र सोबत जोडलंय, ते डॉक्टरांच्या हातात दे.

लोभाचं पुढे बघू. गाडी फाटकात उभी आहे, इंजिन बंद करू नको म्हणून टॅक्सीवाल्याला सांगितलंय. सुपरवायझरला विचारत बसू नकोस. कपाटातून घराची किल्ली घे आणि गाडीत बस.