हार्मची टाकी

९ सप्टेंबर

हात घातला एकदाचा! कोपरापर्यंत. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या या मासे आणि पाणझाडांच्या टाकीत माझं बोटसुद्धा बुडालं नव्हतं — मासे घाबरतात म्हणे. मासे कसले घाबरतायत, घाबरतो हा.

पण आता हार्मचे हात थरथरतात. काल चिमट्याने एक रोप लावायला गेला आणि शेजारची चार उपटून बसला. मग खुर्चीत टेकला आणि म्हणाला, नोव्हेंबरात क्लबाच्या स्पर्धेचे परीक्षक घरी येऊन टाकी बघून गेले, की ती क्लबातल्या कुणाला तरी देऊन टाकणार. बटाटे संपलेत म्हणावं, तसं म्हणाला. टाकी गेली तर हा माणूस दिवसभर बघणार कशाकडे? माझ्याकडे? दोघांनाही झेपायचं नाही.

तेव्हा मी डाव टाकला. म्हटलं, दे ती कात्री, तोवर मी बघते. टाकी पुन्हा बहरली की द्यायला याचा जीव होणार नाही — असा माझा बेत. पुष्कळ आढेवेढे घेतले त्याने. पण पटवलाच!

१४ सप्टेंबर

नियम ऐकून डोकं फिरलं. एका जातीच्या झाडांचा एकच घोळका. शेजारी-शेजारी सारखी पानं नकोत, सारखा रंग नको. पुढून मागे पायऱ्यांसारखी चढत जाणारी एक 'गल्ली' हवीच. आमच्या लग्नात पाहुणे बसवतानासुद्धा एवढा विचार केला नव्हता. तसं बोलले, तर म्हणतो, म्हणूनच तुझी आत्या रुसली.

२२ सप्टेंबर

घात केला मी.

हार्म व्यायामाला गेला होता. तांबड्या झाडांचे शेंडे पार पाण्याच्या वर आलेले. म्हटलं छाटून ठेवू, खूश होईल. चाळीस वर्षं परसात भाजी लावतेय — मूळ राखायचं, शेंडा खुडायचा, हे मला कुणी शिकवायला नको. छान एका उंचीत कापलं. शेंडे टाकले खताच्या पिंपात.

हार्म आला. कोटही न काढता टाकीसमोर उभा.

"रेन्स्के, शेंडे कुठेत?"

पाण्यातल्या झाडांचं सगळं उलटं असतं म्हणे! खालचा भाग म्हातारा, पानं झडलेला. तो मुळासकट उपटून फेकायचा आणि शेंडा पुन्हा रोवायचा. त्यालाच नवी मुळं फुटतात. आधी का नाही सांगितलंस, म्हटलं. तर म्हणे, तू विचारलंस कधी?

मग काय! अडुसष्ट वर्षांची बाई पिंपात डोकं घालून बटाट्याच्या सालींतून शेंडे वेचतेय. शेजारीण कुंपणावरून सगळं बघत होती, बघू दे. सदतीस मिळाले. एकेक धुतला, एकेक रोवला. हार्म मागे खुर्चीत, काठीने दाखवतोय — डावीकडे, अजून डावीकडे, ते डावं नव्हे. एक रोवावा, तर निऑन मासे ढुशी मारून दुसरा वर काढणार. पाठ मोडली.

३ ऑक्टोबर

तीन शेंडे कुजले. बाकीच्यांना पांढरी मुळं! कुणाला सांगणार नाही, पण न्याहारीच्या आधी जाऊन बघून येते.

१९ ऑक्टोबर

गल्ली नव्याने लावली. हार्म म्हणाला, जरा वाकडी आहे. मी फाडकन म्हटलं, तू करून दाखव. आणि जीभ चावली. पण तो हसला. त्याचा थरथरता हात माझ्या ओल्या हातावर ठेवला, बराच वेळ. फार बरं वाटलं.

टाकी देण्याचा विषय महिनाभर काढलेला नाही. बेत लागू पडतोय बहुतेक.

८ नोव्हेंबर

परीक्षक ओफरिंगा येऊन गेले. रीतीप्रमाणे आधी कॉफी आणि एकेक बिस्किट. मी दुसरं पुढे केलं, तर हार्मने डब्याचं झाकणच लावलं — परीक्षकाला दुसरं बिस्किट म्हणजे लाच!

मग ओफरिंगा टाकीसमोर तासभर ठाण मांडून बसले. प्रश्न मात्र सगळे मला. ही जात इथे का, ती तिथे का. हार्मकडे बघावं, तर हा म्हणे सूप लागेल, ढवळतो, आणि पसार. याने जन्मात कधी सूप ढवळलंय? तांबडी झाडं डावीकडे का, तर म्हटलं, आमच्या खुर्च्यांतून तीच आधी दिसतात. त्यांनी लिहून घेतलं.

दारात कोट चढवता चढवता म्हणाले, "गल्ली वाकडी आहे, बाई. पण तांबडी काय सुरेख आलीत. खत कुठलं घालता?"

पिंपाचं मी काही बोलले नाही.

१५ नोव्हेंबर

निकाल टपालाने आला. नऊ टाक्यांत सातवी. हार्म कधी दुसऱ्या नंबराच्या खाली उतरला नव्हता! मला रडूच फुटलं — संपलं, आता देणार टाकी. मी कागद तसाच टेबलावर टाकला. हार्म मात्र शीळ घालत माशांना खायला घालतोय. माझ्या नवऱ्याचं मला अजून काही कळत नाही.

१६ नोव्हेंबर

आज तो कागद नीट वाचला. टाकीचा मालक या रकान्यात माझं नाव. पुढे — नवीन सभासद. मागे क्लबात माझ्या प्रवेशाचा अर्ज टाचलेला. अक्षर हार्मचं, ओळ सोडून खाली घसरलेलं. तारीख २ जुलै. मी पाण्यात हात घालायच्या दोन महिने आधीची. क्लबातलं ते 'कुणीतरी' म्हणजे मीच!