फेब्रुवारीपर्यंतचं गिऱ्हाईक

आखन, जर्मनी, ८ नोव्हेंबर २००९

ती. मनुताईस नागेशचा शि. सा. न.

माझ्या हातचं म्हणावं असं इतकंच: तुझ्याकडचा शेवयांचा साचा, इथल्या बाल्कनीतला झोपाळा आणि डायलिसिस मशीनमधली तांदळाएवढी स्टीलची झडप. डिप्लोमा नसताना त्या झडपेवर कारखाना उभा केला. आता तो विकत मागताहेत. मागणारी कंपनी स्वतः काहीच बनवत नाही. शेअर बाजारात लोकांकडून पैसे उभारून ठेवलेत. दोन वर्षांत एखादा चालता धंदा घ्यायचा, नाहीतर पैसे परत. मुदत फेब्रुवारीत संपते. फ्रँकफुर्टला जाऊन त्यांचं ऑफिस पाहिलं. भाड्याची एक खोली, दारावर पाटी, तीही तिरकी. सरळ करून आलो.

हृषिकेश वाल्डॉर्फहून फोनवर ‘बाबा, विका’ एवढंच म्हणतो. विभावरी गेल्यापासून घरात विचारायला कोणी नाही, म्हणून तुला विचारतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा नागेश

मिरज, २३ नोव्हेंबर २००९

चि. नागेशास अनेक आशीर्वाद.

म्हणजे मंगल कार्यालय ठरलं, आहेर आधीच गोळा झाले, फक्त नवरी मिळायची आहे! आणि तू परक्याच्या दारावरची पाटी सरळ करून आलास. धन्य आहे बाबा तुझी.

अरे, विकून टाक. वरची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. तू तिथे एकट्यापुरता कुकर लावतोस, ते इथे माझ्या घशाखाली उतरत नाही. आणि आकडा का लिहिला नाहीस? माझी दृष्ट लागेल म्हणून?

वेळेवर जेव. लोभ आहेच, पत्रं वाढव.

मनुताई

आखन, १३ डिसेंबर २००९

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल त्यांचे साहेब घरी आले. मी विचारलं, आमचीच झडप का? म्हणाले, बिस्किटं असती तरी चाललं असतं, फेब्रुवारी जवळ आलाय. खरं बोलला माणूस. पोहे केले होते, दोनदा मागून घेतले. बऱ्याच महिन्यांनी समोर बसून कोणी जेवलं.

अट एक: सही झाली की मी कारखान्यात पाऊल ठेवायचं नाही. ताई, सकाळी अडतीस माणसं मला ‘मोर्गन’, म्हणजे सुप्रभात, म्हणतात. घरी आल्यावर कोणाचा शब्द नाही. हृषिकेशची लेक अन्वी फोनवर जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलते, तेवढीच. मिरजेला आलो तर तुझा पाहुणा होईन. सकाळी उठून जायचं कुठे?

खोलीत भाडेकरू ठेव. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा नागेश

ता. क. आकडा विचारला होतास. सगळ्या कारखान्याचे, रोख, एक कोटी वीस लाख युरो देत होते. नको म्हणालो.