वजन बरोबर

सोमवार, ६ मार्च

आले एकदाची. मागच्या फाटकाशी उतरले तर धाकटा सायकल घेऊन समोर हजर. बॅग उचलून बघितली आणि म्हणाला की ताई, एवढी पुस्तकं कशाला, इथे परीक्षा नाही, शर्यत आहे. अठरा वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, रबरावर प्रबंध लिहिला, तो कोणी उघडून पाहिला नाही. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला गिऱ्हाईक मिळालं, तेही घरातलंच.

काम सोपं आहे असं सगळे म्हणतात, म्हणजे नसणार. रविवार, १९ तारखेला शर्यत. तोवर या ट्रॅकचा जुना हिशेब वाचून आणि रोजच्या सरावातले टायर तपासून धाकट्याच्या गाडीला हार्ड लावायचे की सॉफ्ट, ते मी लिहून सही करायची. सॉफ्ट टायर रस्ता घट्ट धरतो पण लवकर झिजतो. हार्ड टिकतो पण तापायला वेळ घेतो. धाकटा चौतीस वर्षांचा आहे. पहिल्या पाचात आला नाही तर पुढच्या मोसमात गाडी दुसऱ्याच्या हातात जाईल. तसं मुकादमाने मला पहिल्या पाच मिनिटांतच ऐकवलं. मुकादम म्हणजे आमचा संघप्रमुख. हे नाव त्याच्या आवाजामुळे पडलं असावं.

टायरखोली आवडली. लांबट, सिमेंटची, एकच खिडकी, दोन काटे, एक टायरसाठी आणि एक माणसांसाठी. मांडणीवर जुन्या वह्या. खोली सांभाळणारे म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे रबरनाना म्हणतात. त्यांनी माझ्यासाठी टेबल पुसून ठेवलं होतं.

मंगळवार, ७ मार्च

पहिला सराव. आज एक नवी गोष्ट कळली, ती लिहून ठेवते. धावताना टायरमधून रबराचे बारीक गोळे झडतात आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला साचतात. त्या कडेवरून गाडी गेली की गरम टायरला ते चिकटतात. झीज मोजण्याआधी गरम हवेचं यंत्र लावून, पट्टीने ते खरडून काढावे लागतात. मी त्याला खरवड म्हणते. मुकादम हसला, म्हणाला की बाईंनी भांडं घासायला काढलं.

या खरवडीचा एक उपयोग आहे. गाडी आणि चालक मिळून किमान ५७० किलो भरावे लागतात. शर्यतीनंतर कमी भरले तर निकाल रद्द. म्हणून शर्यत संपल्यावरच्या संथ फेरीत चालक मुद्दाम कडेवरून गाडी नेतात आणि किलो-दीड किलो रबर गोळा करून आणतात. नियमात बसतं. प्रामाणिकपणात बसतं का, ते मी विचारलं नाही.

धाकट्याचं वजन जाताना ६६.४, आल्यावर ६५.६. घाम. खरवड ४०० ग्रॅम. ती मी कोपऱ्यातल्या पिंपात टाकली. नाना पिंपाकडे बघत उभे होते.

गुरुवार, ९ मार्च

दिवसभर वह्या. ट्रॅक एकेचाळीस वर्षांचा आहे आणि तीनदा नवा थर चढवला आहे. सातवं वळण मात्र पहिल्यापासून तसंच, कारण तिथे उतार सुरू होतो आणि थर चढवायचं मशीन टिकत नाही. बहुतेक वर्षी सॉफ्ट निवडलेत आणि बहुतेक वर्षी बरोबर निवडलेत.

एक खटकलं. प्रत्येक पानाच्या शेवटी चालक कितवा आला ते असतं. पाच पानांवर ते नाही. तिथे फक्त ‘वजन बरोबर’ एवढंच. त्या पाचही पानांवर सॉफ्ट. त्या पाचही चालकांचं वजन सरावाच्या दिवसांत उतरत गेलेलं. पुढच्या वर्षीच्या पानांवर त्यांची नावं नाहीत. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या पानावरचं अक्षर नानांचं आहे, असं वाटतं. तेव्हा टायर तपासायचं काम तेच करत असावेत. विचारलं तर म्हणाले की काकू, जुनं अक्षर, डोळ्यांना त्रास होईल, ठेवा. मला काकू म्हणतात, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे असून.

धाकट्याचं वजन आज सकाळी ६५.६. दोन दिवस पाणी पितोय, जेवतोय, तरी भरून आलेलं नाही. खरवड पुन्हा ४००.

शनिवार, ११ मार्च

आकडे जुळवत बसायची माझी खोड आहे, तिला मी स्वतःच हसते. पण हे हसण्यासारखं नाही. घामाचं वजन पाण्याने भरून येतं. जे भरून येत नाही, तेवढीच नेमकी खरवड त्या दिवशी निघते. सलग पाच सराव. दोन्ही काटे प्रमाण वजनं ठेवून तपासले. दोन्ही बरोबर. मग मलाच तपासायला हवं का? जे शोधायचं ते सापडतं, असं मुलांना मीच शिकवत असे.

धाकटा ६४.४. दुपारी कँटीनमध्ये त्याचा फोन उघडेना. अंगठा चार वेळा टेकवला, पुसला, फुंकर मारली. मग मला म्हणाला की बघ ताई, फोनपण ओळख विसरला, आता बायको काय ओळखणार. मी त्याचा अंगठा धरून उजेडात पाहिला. गुळगुळीत. रेषाच नाहीत. स्टिअरिंग घासून झालं असेल असं तो म्हणाला. हातमोजे असतात, हे मी बोलले नाही.

सोमवार, १३ मार्च

शांतपणे लिहायचं आहे.

डावा मागचा टायर खरडत होते. पट्टीवर मऊ, काळा तुकडा आला. त्यावर बोटाचा ठसा. आधी वाटलं माझाच. पण माझ्या हातात मोजे होते. भिंग लावलं. गोल गोल रेषा, आणि त्यांना मधोमध कापणारा तिरका वण. धाकटा सहा वर्षांचा असताना पत्र्याच्या डब्याचं झाकण त्याच्या अंगठ्यात घुसलं होतं. झाकण उघडून दे म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. तो वण मी कुठेही ओळखेन.

खात्री करायला मी त्या तुकड्यावर गरम हवा सोडली. सोडायला नको होती. कँटीनमधून आरडाओरडा ऐकू आला. जाऊन पाहिलं तर धाकटा थंड पाण्यात हात बुडवून उभा. हातात काही नसताना एकदम पोळलं म्हणाला.

मंगळवार, १४ मार्च

नानांनी आज मांडणीच्या मागून एक बरणी काढली. लोकरीच्या कापडात गुंडाळलेली. आत मूठभर रबर. हातात दिली. कोमट होती. कापडामुळे असेल, म्हणून मी ते काढून, खिडकीत दहा मिनिटं ठेवून पुन्हा पाहिलं. कोमटच.

त्यांचा मुलगा. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं पान त्यांनीच लिहिलेलं, टायर त्यांनीच निवडलेला. मुलगा काट्यावर आला तेव्हा सीटवर पोशाख होता, पट्टे आवळलेले होते, आत कोणी नव्हतं. लोक म्हणाले की हरला असता म्हणून पळाला. नाना म्हणाले की काकू, पट्टे न सोडता कोण पळतं हो? एवढंच शेवटच्या टायरवरचं हाताला लागलं. बाकीचं आधीच्या आठवड्यात रोज खरडून पिंपात टाकलेलं. आम्हाला कुठे माहीत होतं, म्हणाले.

मी पिंपाकडे धावले. रिकामं. कचऱ्याची गाडी येऊन घेऊन गेली, सोमवारीच.

आठ दिवसांचं. मी टाकलं. स्वतःच्या हाताने.

गुरुवार, १६ मार्च

मंगळवारी रात्रीच धाकट्याला सगळं सांगितलं. ठसा दाखवला, बरणी दाखवली. बरणी त्याने परत माझ्या हातात दिली. मग म्हणाला की ताई, तू झोपत नाहीस. मी म्हटलं की अंगठा दाखव. नाही दाखवला. शर्यत सोड म्हटलं, तर म्हणाला की चौतिसाव्या वर्षी सोडली तर परत कोण गाडी देणार, तू?

मुकादम म्हणाला की बाई, वजन उतरलं तर जेवायला घाला, बहीण आहात ना.

शेवटी एवढंच मिळवलं. हार्ड. हार्डला खरवड कमी चिकटते, आणि नाना म्हणतात की माणूस ओढून घेणारी खरवड फक्त सातव्या वळणाच्या कडेला आहे; आतून गेलं तर काही नाही. धाकटा म्हणाला की ठीक आहे, तुझ्यासाठी हार्ड, पण पळणार. हार्डवर दोन वेळा पळाला. कडेला गेला नाही. वजन ६३.२ वर थांबलं. दोन्ही दिवस ६३.२.

कागदावर हार्ड लिहून सही केली. आज जेवले.

शनिवार, १८ मार्च

पात्रता फेरी. हार्डवर सहावा. मुकादमाचं तोंड आंबट. वजन ६३.२. थांबलंय.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. गाडीला सील लागलं, आता काही बदलता येत नाही. नंतर वजनाचा कागद भरायचा होता. पहिल्या दिवशीचं ६६.४ धरून, वर दोन किलो जास्त ठेवून, किमान वजन भरायला गाडीत शिसं बसवलेलं. धाकटा हळूच म्हणाला की तेच लिही, तीन किलो कुठे कोण बघतंय. लिहिता आलं असतं. पण खोटा आकडा मी आयुष्यात लिहिलेला नाही. आणि खरा लिहिला तर कदाचित अधिकारी विचारतील, तपासतील, त्याला उतरवतील, अशीही आशा होती. ६३.२ लिहिलं. कोणी काही विचारलं नाही. मुकादमाने कागद वाचला, मान हलवली आणि खिशात घातला.

बरोबर केलं ना?

रविवार, १९ मार्च. सकाळ

ऊन स्वच्छ. धाकट्याने जाताना डोक्यावर टपली मारली. लहानपणी मी मारायचे. हात लागल्यासारखा वाटला नाही.

रविवार. दुपार

दार आतून लावलं आहे. क्रमाने लिहिते. 

चौथा आला. सगळ्या फेऱ्या आतून. एकदाही कडेला नाही. मी रडले. नाना माझ्या पाठीवर हात ठेवून उभे.

मग कानातल्या यंत्रावर मुकादम. म्हणाला की शाबास, आता सावकाश कडेने आण, गोळा कर जेवढं होईल तेवढं, तुझ्या ताईने लिहिलंय, आपण किलोभर कमी पडतोय, सातव्याला भरपूर आहे—

माझ्या यंत्रातून फक्त ऐकू येतं. बोलता येत नाही. पळाले. ओरडत पळाले.

धाकटा म्हणाला, ताईला सांगा, चौथा.

मग म्हणाला की हात हलके वाटतायत.

मग काही नाही.

गाडी उतारावरून घरंगळत आली. कडेच्या कठड्याला टेकून थांबली. त्यांनी ढकलत काट्यावर घेतली. ५७०.२. अधिकारी मोठ्याने म्हणाला, वजन बरोबर. लिहिलं. मग आत वाकला.

पट्टे आवळलेले. हातमोजे स्टिअरिंगवर. हेल्मेटची काच बंद.

सगळे सातव्याकडे पळाले, शोधायला. मी टायर काढले. चारही आणले. कोणी अडवलं नाही.

काही हरवलेलं नाही. काटा बरोबर आहे. सगळा इथेच—

मुकादम दार ठोठावतोय. चालक गाडीत नसला तर नियम आहे म्हणतो, खरवड काढून परत वजन. यंत्र लावा म्हणतो. गरम हवा. नाही. यंत्राची वायर मी कापली.

टायर अजून गरम. आता तास झाला. थंड होत नाहीत.

डावा मागचा. तिथेच आहे. अंगठा. वण. मोजा काढून बोट टेकवलं. त्याने—दाबून धरलं. रस्ता ओलांडताना धरायचा तसं—

खिडकीशी नाना. एक बरणी आत सरकवली. धुतलेली, पुसलेली.

पट्टी नको. हातानेच. हळू. खाली कापड पसरलंय—

दाराची कडी निघतेय—

नाना, एक पुरणार नाही, अजून आणा, जेवढ्या असतील तेवढ्या, या वेळी एक कणही टाकायचा ना—