न सारवायची भिंत

माय,

गावात आपला नवा विहार झालाय आणि त्याच्या भिंती मातीच्या आहेत. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगतो, कारण ह्या सगळ्या भानगडीत तुझ्याच पोराचा हात आहे. आता तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय. एक हात कोपरापर्यंत शेणानं भरलेला आणि दुसऱ्या हातानं तू चप्पल शोधतेयस. जरा थांब. आधी सगळं ऐक, मग मार.

मला तू आठवतेस ती बहुतेक पाठमोरी, भिंतीकडं तोंड करून. सण येऊ दे, पाव्हणा येऊ दे, नाहीतर कुठं नुसता पोपडा निघू दे, तू आपली शेणामातीची पाटी घेऊन उकिडवी बसलेली. बोळाच्या पलीकडं शेजारची काकू तिच्या भिंतीला, अलीकडं तू आपल्या भिंतीला, आणि दोघींच्या गप्पा मधल्या बोळातून. एकदा मी भर दुपारी शाळेतून पळून आलो. तू वळूनही न बघता म्हणतेस, "आलास का पळून? ये, हिकडं माती कालव." मी कालवता कालवता विचारलं, "माय, हे असं किती दिवस लिंपायचं गं?" तर तू म्हणालीस, "ही भिंत न्हाई बाबा, ही सासू हाय. आठ दिस हात न्हाई फिरवला की तोंड वाकडं करती." काकू पलीकडून एवढी हसली की तिची पाटीच लवंडली.

आणि तुझं ते स्लॅबचं वेड! जिंतूरला तुझ्या मावसबहिणीच्या पोरीच्या लग्नाला गेलो होतो. सगळ्या बायका नवरीभोवती आणि तू कुठंच नाही. शोधत शोधत जिना चढून वर आलो तर तू एकटीच नव्या स्लॅबवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायलीस, मधूनच टाच आपटून बघायलीस. "काय करायलीस गं?" "काई न्हाई, चालून बघायले." मग मला जवळ ओढून म्हणालीस, "ज्याच्या डोक्यावर मानसाला उभं ऱ्हाता येतं ना, त्याला घर म्हनायचं. आपल्या घरावर मांजर चढलं तरी पत्रा बोंबलतो." पंगती उठल्या तरी तू खाली यायला तयार नाहीस. शेवटी नवरीच्या बापानं खालून आवाज दिला, "वैनी, स्लॅब आहेरात द्यायचा न्हाई हो, या खाली!" तू गेलीस तेव्हा डोक्यावर तोच बोंबलणारा पत्रा होता.

तू गेल्यावर माझं शाळेत मन लागेना, असं मी लोकांना सांगतो. तुला खरं माहीत आहे. तू होतीस तेव्हाही लागत नव्हतं. मग परभणीत एका गॅरेजात, मग एका हॉटेलात, मग एका ट्रकवाल्याबरोबर हैदराबाद आणि तिथून आणखी खाली. त्या ट्रकवाल्यानं केबिनमध्ये कोंबडी पाळली होती आणि ती जोरात ब्रेक मारला की अंडं द्यायची, पण ते राहू दे. कुठं होतो मी? हां. खाली दक्षिणेत एका कॉलेजचं वसतिगृह बांधायचं काम चाललं होतं, तिथं मजुरीला लागलो. तिथं विटा भट्टीत भाजतच नव्हते. मुरमाड माती चाळायची, त्यात थोडं सिमेंट टाकायचं, लोखंडी साच्यात भरायची आणि साच्याच्या लांब दांड्याला दोघांनी लोंबकळायचं. वीट तयार. मग पोत्याखाली ओली ठेवायची, झालं. ना कोळसा, ना धूर. भिंती जाड, खिडक्या वाऱ्याच्या तोंडाला, वर गरम हवा निघून जायला झरोके, आणि छप्पर असं पुढं आलेलं की ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन परत जायचं. आपल्यासारख्याच उन्हाळ्यात तिथली पोरं आत चादर घेऊन झोपायची. मी कुठंच टिकत नाही हे तू जाणतेस. तिथं मात्र इमारत पुरी होईपर्यंत टिकलो. कामून, ते मलाही सांगता येत नाही.

गावात आलो होतो एका लग्नाला, जेवून निघायच्या बेतानं. तर लिंबाखाली बैठक बसलेली: जुना पत्र्याचा विहार पाडून नवा बांधायचा. जुन्या विहाराचं तुला सांगायला नको. उन्हाळ्यात वंदना निम्मी होईस्तोवर मागची रांग हळूच बाहेर सरकलेली असायची. पोलीस भरतीचा अभ्यास करणारी पोरं तर पुस्तकं घेऊन पेडगावच्या रस्त्यावरल्या पुलाखाली जाऊन बसायची. समितीचे अध्यक्ष तुझे थोरले भाऊजी, आमचे तात्या. एसटीच्या स्टँडवर आयुष्यभर गाड्या पुकारल्या, आता रिटायर झालेत, पण आवाज रिटायर झालेला नाही. घरात चहा मागतात तोही फलाट क्रमांक सांगितल्यासारखा. त्यांनी चित्र काढून आणलं होतं. वर भला मोठा घुमट, पुढं निळी काच, खाली मार्बल. मी मागं उभा होतो. का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "तात्या, हे पत्र्यापेक्षा जास्त तापंल. मातीच्या विटांचा बांधू."

सगळी बैठक मान वळवून माझ्याकडं बघायला लागली, शेजारची म्हैससुद्धा.

"आरं," तात्या म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला, "आपली समदी हयात गेली मातीतून वर निघायला. पोरं शिकली, नोकरीला लागली. आता कुठं पक्की इमारत हुयाली म्हनलं, तर तू आमाला परत मातीत घालायलास व्हय?"

बघ माय, मी त्यांना उकाड्याचं सांगत होतो आणि ते मला इज्जतीचं सांगत होते, आणि ते काही चूक नव्हते. तिथंच गप्प बसलो असतो तर शोभलं असतं. पण मी हुशारी करायला गेलो. म्हणालो, "माझी माय म्हनायची, मातीच्या भिंतीसारखं सुख न्हाई."

आधी काकू हसली. मग तिच्या शेजारची. मग बायकांची सगळी रांग पदर तोंडाला लावून हलायला लागली. "सुख?" काकू कमरेवर हात ठेवून उठली. "तुझी माय भिंतीला सासू म्हनायची रं! रोज सकाळी म्हनायची, हिला पटकी येवो, हिच्यापायी माझ्या बोटाची कातडी गेली! आन् मी तर जल्मात पुन्हा भिंत सारवनार न्हाई!" खोटी साक्ष काढायचीच तर जिच्या मैत्रिणी गावात नाहीत अशा माणसाची काढावी, एवढं मी शिकलो. काकू काही तेवढ्यावर सोडणारी नव्हती. "लय मातीचा पुळका आलाय ना? तुझं घरकुल मंजूर हाय. त्या घराला लाव तुझ्या विटा, मग आमाला शिकव. लावतोस का?"

"लावतो."

"चारचौघांत बोललास बरं."

"बोललो."

असा मी अडकलो. तात्यांनी जाहीर केलं की ह्यानं विहाराशेजारी नमुन्याची एक भिंत बांधावी. परभणीचे इंजिनिअर साहेब येतील त्या दिवशी काय तो निर्णय. हे साहेब आपल्याच समाजातले, रिटायर झालेले, नकाशा फुकटात काढून देणार होते.

आपली काळी माती विटेला चालत नाही, ती पाण्यात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून झरीकडून मुरूम आणला. साच्याच्या दांड्याला लोंबकळायला गावातली सगळी पोरं रांगेत, जत्रेतल्या पाळण्यासारखी. आणि मग भिंत उभी राहिली तेव्हा गावानं तिची जी परीक्षा घेतली तशी माझी कुठल्या मास्तरानं घेतली नाही. पोरांनी तिचा स्टंप केला. कुणीतरी तिला खेटून म्हैस बांधली, ती दिवसभर अंग घासून खूश. तात्या रोज सकाळी नळी लावून तिच्यावर पाणी मारायचे आणि मग नखानं खरवडायचे. "तात्या, काय करायलाव?" "तपासनी." भिंत काही हलली नाही.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी झरीला भजी आणि पेढे आणायला गेलो. तिथं एक जण घोडा विकत होता, म्हणून थोडा उशीर झाला, घेतला नाही, नुसता बघितला. परत येतो तर भिंत गायब! म्हणजे होती तिथंच, पण वरपासून खालपर्यंत शेणानं सारवलेली. हिरवीगार, ओली, बोटांच्या कमानीवर कमानी, खाली चुन्याची किनार. आणि बादलीपाशी काकू आणि तिच्या मैत्रिणी हात धुतायत.

"काकू! हे काय करून ठिवलंस?"

"काय म्हंजे? पाव्हणा यायलाय आन् भिंत उघडी! गावाला अब्रू हाय का न्हाई?"

"अगं पन तूच म्हनली ना, जल्मात पुन्हा भिंत सारवनार न्हाई म्हनून?"

काकू आपल्या ओल्या हातांकडं बघत राहिली. मग भिंतीकडं. मग परत हातांकडं. "अगं बया," ती म्हणाली. "हातच गेला की."

तेवढ्यात साहेबांची गाडी. तात्या पुढं धावले, "साहेब, ती भिंत आमची न्हाई, म्हंजे आमचीच हाय, पन अशी न्हाई!" साहेब उन्हातून बेजार होऊन आलेले, भिंतीला लागून सावलीत बाकडं दिसलं तसे बसले आणि डोळे मिटून मागं भिंतीला टेकले. तात्यांनी कपाळाला हात लावला. "गार आहे हो," साहेब म्हणाले. चहा तिथंच घेतला, भजी तिथंच खाल्ली. उठले तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर काकूची एक अख्खी कमान उठलेली. तात्या रुमाल घेऊन साहेबांच्या मागं मागं फिरायला लागले आणि साहेबांना वाटलं हे आपल्याला वारा घालतायत.

निर्णय मात्र साहेबांनी घेतला नाही, काकूनं घेतला. मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मातीचीच करा. पोरं सावलीत बसतील, पटलं मला. पन वीट उघडी दिसली पायजे आन् तशीच नीट दिसली पायजे. सारवावं वाटंल अशी एकबी जागा ठिवू नका. आता बगितलं न्हवं? आमचे हात आमच्या ताब्यात न्हाईत. आन् खाली शहाबादी फरशी टाका. ती पुसायची पाळी गडीमानसांची."

गड्यांच्या रांगेत एकदम खोकले सुरू झाले. तात्या म्हणाले, "ह्या इषयावर पुढच्या बैठकीत…"

"गाडी सुटली, भाऊजी," काकू म्हणाली.

तर असा झाला विहार, माय. खाली दगडी जोतं, वर मातीच्या उघड्या विटा, वाऱ्याच्या बाजूला विटांचीच जाळी, वर उंच कौलं. वानरं कौलं फोडतात, त्याला अजून इलाज सापडला नाही. तात्यांचा घुमट फायबरचा झाला आणि गेटवर बसला, साधारण रांजणाएवढा. त्यांची फरशीची पाळी असते तेव्हा ते आधी मोठ्यानं पुकारतात आणि मग पुसतात. दुपारी पोरं आत अभ्यास करतात, निदान पुस्तक उघडून मोबाईल बघतात, आणि बायका जाळीपाशी आडव्या होतात. काकू भिंतीजवळ बसली की हात मांडीखाली घेऊन बसते.

राहिलं आपलं घर. चारचौघांत बोललो होतो, म्हणून भिंती त्याच विटांच्या केल्या. छपराला विहारासारखी कौलं येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. स्लॅब म्हणजे डोक्यावर तवा, हे मीच तर दारोदार सांगत फिरलो होतो. आणि मी स्लॅब टाकला. तात्यांनी गावभर पुकारलं की मातीवाला पुतण्या पक्का झाला. दुपारी आत बसवत नाही. तुझा फोटो आत लावलाय, फोटोला घाम येत नाही एवढं बरं. लोक विचारतात तेव्हा मी तोंड पाडून सांगतो, काय करणार, घरकुलाच्या साहेबानंच स्लॅब टाकायला लावला. काकूनं तर त्या साहेबाला माझ्या वतीनं रस्त्यात उभं राहून शिव्या दिल्या.

हे पत्र कुठं टाकता येण्यासारखं नाही, आणि येत असतं तरी मी टाकलं नसतं; वाटेत कुणीतरी काकूला वाचून दाखवलं असतं. कुठल्या साहेबानं काही लावलं नव्हतं, माय. तो कौलाला हो म्हणून गेला होता.