गुंडावरचं नाव

पुणे,
१० ऑक्टोबर २००४

आईले अनुपचा जय भीम.

मी बरा आहो, जेवण वेळेवर होते. तुह्ये गुडघे कसे आहेत?

आपल्या प्रतिक्षानं लिहिलं का भंडाऱ्यात एका दुकानात दसऱ्याचा सेल लागला, जुनं पितळ दिलं तर कुकर अर्ध्या किमतीत भेटते, अन् तू लग्नातला पाण्याचा गुंड देऊन राहिली. देऊ नको.

आमच्या दुकानातही हाच सेल आहे. कुकरच्या डब्यावर दुप्पट किमतीची चिठ्ठी मीच चिकटवतो, तिच्यावर लाल रेघ मारतो अन् खाली नेहमीचाच भाव लिहितो. पितळ फुकटात जाते, तरी बाया खुश होऊन घरी जातात. मले माह्या हाताची किळस येते.

काल एका म्हातारीनं गुंड आणून दिला. त्याच्यावर तिच्या भावाचं नाव कोरलं होतं. मालक म्हणे, "नाव घासून काढ, शोभेची वस्तू म्हणून काचेत ठेवू."

तासभर घासलं तवा ते नाव गेलं.

तुह्या गुंडावर चिंधूमामाचं नाव आहे.

दिवाळीले त्याच गुंडातलं पाणी प्यायले येणारा,
तुहा अनुप