आतड्यातलं बटण

३ जानेवारी
आजपासून रोज एक पेला दूध. निर्धार पक्का. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला दूध पचत नाही, सोडून द्या. उभी हयात डेअरी चालवली, आणि दूध सोडू? गिऱ्हाइकांना कळलं तर नाक कापलं जाईल. डॉक्टरच सोडला.

४ जानेवारी
पोटात गुडगुड. कालचा कोबी बाधला.

७ जानेवारी, दुपार
मुलगी पीएचडी करते. विषय लहान आतडं. आज मलाच शिकवायला बसली. म्हणे, दुधातली साखर पचवणारं एन्झाइम बनवायचा जीन आतड्याच्या पेशींत असतो. बाळपणी जोरात चालतो, पुढे बहुतेकांचा मंदावतो. काहींच्या जीनजवळचं बटण वेगळं असतं, त्यांचा जन्मभर चालू राहतो. बाबा, तुमचं बटण तसलं नाही.
मी विचारलं, पण जीन आहे ना जागेवर? म्हणाली, आहे. मग झालं तर! घरचाच नोकर झोपलाय, उठवायचा. म्हणाली, दूध पिऊन तो उठत नाही.
बघतोच कसा उठत नाही.

१५ जानेवारी
मोठा पेला सुरू. दुपारी डेअरी बंद करून पळावं लागलं. दारावर पाटी लावली: 'मालक स्टॉक मोजत आहेत.'

१६ जानेवारी
पाटी चारदा लावली. एक गिऱ्हाईक म्हणालं, स्टॉक फार दिसतोय.

२ फेब्रुवारी
पोटातून आवाज येतात. हालचाल सुरू झाली, हे चांगलं लक्षण. बायको म्हणते, जीनला उठवा नाहीतर झोपवा, आधी मला झोपू द्या.

९ फेब्रुवारी
मुलीची शेवटची तोंडी परीक्षा तीन दिवसांवर. जाहीर असते, प्रेक्षकांनाही प्रश्न विचारता येतात. ठरलं! उभा राहून सांगणार, तुमच्या सिद्धांताला उत्तर म्हणून हा जिवंत माणूस समोर आहे. तिला आधी बोललो नाही. उगाच धसका घेईल बिचारी.

१२ फेब्रुवारी, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. दोन पेले दूध. पुरावा ताजा हवा. तब्येत ठणठणीत.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
छान बोलत होती. दुसऱ्याच स्लाइडला माझ्या पोटात कळ आली. ताडकन उठलो. सगळे वळून बघायला लागले. मुलगी थांबली. म्हणाली, बाबा, काही विचारायचंय का?
मी विचारलं, संडास कुठे आहे?
टाळ्या तिथूनच ऐकल्या. खूप वेळ वाजत होत्या. परीक्षकांनी तिला पहिल्यांदा डॉक्टर म्हटलं, तेव्हा तिची आई समोर होती. मी कडी लावून बसलो होतो.
मग दाराबाहेरून तिचा आवाज. बाबा, बरं आहे ना? म्हटलं, जीन जागा होतोय. ती हसली नाही. थांबली मात्र, मी बाहेर येईपर्यंत.

१३ फेब्रुवारी
सकाळी तिने वाटीभर दही पुढे केलं. विरजल्यावर साखर कमी होते म्हणे, हे बहुतेक सोसेल. मी म्हटलं, माघार आपल्या रक्तात नाही. ती म्हणाली, रक्ताचं नाही, आतड्याचं बोलतेय.
जरा वेळाने मीच विचारलं, काल काय काय सांगितलंस ते पुन्हा सांगशील? सगळं, पहिल्यापासून.
म्हणाली, आधी वाटी संपवा.
संपवली.