उशिरा येणारा सूर

३ मार्च
बाबांनी जेवताना पुन्हा तोच विषय काढला. त्यांच्या जुन्या जोडीदारानं, टोपीवाल्यानं म्हणे त्यांचा सूर चोरला! दोघं एकाच बँडमध्ये होते. बाबा गिटारवर ब्लूज रॉक वाजवायचे, टोपीवाला शेजारी उभा राहून गिटारचीच साथ करायचा. मग भांडून निघून गेला, काँगा नावाचे उंच ढोल बडवणारे जमवले, लॅटिन रॉकमध्ये नाव काढलं. त्याच्या प्रत्येक सोलोत शेवटच्या सुराआधी एक थांबा येतो.
"तो थांबा माझा आहे. माझे डोळे मिटायच्या आत सिद्ध करून दे."
जुन्या टेपा साफ करणं हे माझं कामच. हो म्हटलं. नाहीतर ताटावरून उठले असते.

५ मार्च
स्टुडिओत बाबांच्या बँडच्या काळातल्या तालमीच्या टेपा लावल्या. थांबा नाही. कुठेच नाही! बाबा सुसाट सुटलेले, सूर असा ताणतात की तारेची कीव येते.

६ मार्च
पंचाईत. थांबा आधी टोपीवाल्याच्या रेकॉर्डवर सापडतो, बाबांच्या टेपांवर त्यानंतरच्या वर्षांत. म्हणजे चोर आमच्याच घरात!
बाबांना म्हटलं, अजून ऐकतेय.
"ऐक की मग. कान काय भाड्यानं आणलेत?"
सांगायचा धीर झाला नाही. वाईट वाटलं.

८ मार्च
एक टेप राहिली होती — दोघांच्या शेवटच्या कार्यक्रमाची. सोलो ऐन रंगात आणि खट्! बाबांची तार तुटली. टोपीवाल्याची गिटारही गप्प. नुसता ड्रम. मग बाबा शेजारच्या तारेवर शेवटचा सूर शोधतात. उशिरा. लोक वेडे होतात!
तर हा तो थांबा. त्यानं बाबांची फजिती उचलली आणि बाबांनी ती त्याच्याकडून परत आणली. मला हसू आवरेना.
घरी येऊन सगळं सांगितलं. बाबा हसले नाहीत.
"तार तुटली होती खरी. पण तो का थांबला होता?"

९ मार्च
टोपीवाल्याला फोन लावला. सरळच विचारलं — काका, तो थांबा तुम्ही बाबांचा उचललात ना?
"उचलला? अगं, तुझ्या बाबाची वाट बघतो मी तिथं. त्या दिवशी बघितली तशी."
फोन स्पीकरवर होता. बाबा समोरच. त्यांनी फोन जवळ ओढला.
म्हणाले, "आलो रे, आलो."